अंधारातली शिरगणती

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांपुढे केलेले भाषण)

सेक्रेटरींनी सांगितलंय, विश्वावर बोला, पण दहा मिनिटांत! तेव्हा विश्वातल्या एकाच कामाबद्दल बोलतो: मोजणी.

दीर्घिका ज्या वेगाने फिरतात, त्या वेगाला धरून ठेवायला त्यांतलं दिसणारं द्रव्य पुरत नाही. न दिसणारं उरलेलं, ते कृष्णद्रव्य. प्रत्येक दीर्घिकेभोवती त्याचा मोठा गोळा असतो असं मानतात. त्याला म्हणतात 'हेलो' (फोनवरचा नव्हे). तो दुर्बिणीतून दिसत नाही, म्हणून शास्त्रज्ञ संगणकात विश्व घडवून बघतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिलेनियम' सिम्युलेशनमध्ये सुमारे १००० कोटी कण होते. एकेक कण साधारण शंभर कोटी सूर्यांइतका जड!

पण संगणक देतो फक्त कणांच्या जागा आणि वेग. कोण कुठल्या घरातला, हे शोधायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. १९८५ पासून वापरात असलेली एक रीत म्हणजे 'फ्रेंड्स ऑफ फ्रेंड्स'. दोन कणांतलं अंतर सरासरी अंतराच्या पाचव्या हिश्श्याहून कमी असेल तर ते मित्र. मित्राचा मित्र तोही मित्र. सोपं आहे, पण दोन हेलोंमध्ये कणांची बारीकशी रांग असली की दोन्ही एकच धरले जातात. म्हणजे शेजारच्या सोसायटीपर्यंत मांडव घातला, म्हणून दोघांचं सभासद रजिस्टर एक!

२०१३ मधलं 'रॉकस्टार' वेगही बघतं. आत्ता आपल्या आवारात कुरिअरवाला असेल. जागेवरून तोही आपलाच, पण आला तसा भर्रकन फाटकाबाहेर जाणार. गुरुत्वाकर्षणाने न बांधलेले असे कण वजा करावे लागतात.

एवढा खटाटोप कशाला? १९९९ च्या सुमारास सिम्युलेशन सांगत होती, आपल्या आकाशगंगेसारख्या दीर्घिकेभोवती शेकडो छोटे हेलो हवेत. उपदीर्घिका माहीत होत्या जेमतेम डझनभर. पुढे मंद उपदीर्घिका सापडत गेल्या. पण सिद्धांतावर शंका घ्यायची तर आधी संगणकातली मोजणी पक्की हवी ना?

मोठ्या हेलोंवर सॉफ्टवेअरांचं बहुधा एकमत होतं. भांडण पोटभाडेकरूंवरून! मोठ्याच्या मध्याशी गेलेला छोटा हेलो तिथल्या गर्दीत हरवतो, सॉफ्टवेअर म्हणतं 'नाही', आणि पुढच्या टप्प्यात तो पलीकडून बाहेर येतो. म्हणून आता मागचे-पुढचे टप्पे ताडून मधल्या यादीत त्याचं नाव परत लिहितात.