वळणारा चेंडू आणि वाढते वय

(जामनेर येथे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले भाषण)



सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो येथे झाला. आज हा खेळ आपल्या जळगाव जिल्ह्यातील शाळांच्या मैदानांवरही रुजला आहे. क्रीडा स्पर्धांतील यशामुळे दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळू शकतात. त्यामुळे पालकांचा ओढाही वाढला आहे. ही आनंदाची गोष्ट होय. तथापि, या उत्साहाच्या भरात एका प्रश्नाकडे दुर्लक्ष होऊ नये. खाली पडणारे, बाजूला वळणारे वा उसळते भासणारे चेंडू मुलांना केव्हा शिकवावेत?

खालून फेकलेला चेंडू हाताला बाधत नाही, अशी एक समजूत आहे. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आपण पाहिल्या असतील. पिचरचा हात तसाच खांद्याभोवती पूर्ण वर्तुळ घेतो. या फेकीत खांद्यावर येणारा ताण बेसबॉलमधील वरून केलेल्या फेकीच्या तोडीचा असतो, असे १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळून आले. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा कोवळा थर असतो. उंची याच थरामुळे वाढते आणि वारंवारच्या ताणाने इजाही येथेच लवकर होते. मुलींची उंची साधारणतः १० ते १३ या वयात झपाट्याने वाढते, मुलांची सुमारे दोन वर्षे उशिरा. नेमक्या याच काळात आपण त्यांना १४ वर्षांखालील संघात घेतो.

चेंडू वळतो तो फिरकीमुळे, आणि ही फिरकी मनगट व बोटांतून यावयास हवी. ज्या मुलाच्या मनगटात अद्याप बळ नाही, ते कोपर पिरगाळून किंवा कंबर वाकवून फिरकी आणू पाहते. धोका येथे आहे. म्हणून वयाच्या आकड्यापेक्षा तयारीचा क्रम महत्त्वाचा. प्रथम सरळ, वेगवान चेंडू. दहांपैकी सात-आठ चेंडू कॅचरच्या हातमोज्यात, त्याच लयीत पडू लागेपर्यंत पुढे जाऊ नये. त्यानंतर संथ चेंडू. त्यात हाताचा वेग तोच राहतो, केवळ पकड बदलते. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास, तयारी पाहून, खाली पडणारा चेंडू. तोही बोटांवरून सुटणारा, कोपर उलटे फिरवून टाकलेला नव्हे. बाजूला वळणारा चेंडू त्याहून पुढे, आणि उसळता चेंडू सर्वांत शेवटी, उंचीची झपाट्याची वाढ मंदावल्यावर. एक चेंडू पक्का झाल्याखेरीज दुसरा हाती देऊ नये.

परंतु, मित्रहो, कोणता चेंडू टाकला यापेक्षाही किती टाकले, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. तालुका स्पर्धेत पुष्कळदा एका शाळेकडे एकच पिचर असते. एकाच दिवशी दोन-तीन सामने, आणि सर्व भार तिच्याच खांद्यावर. अमेरिकेतील क्रीडावैद्यकांनी एका सामन्यासाठी घालून दिलेली मर्यादा १० ते १२ वर्षांसाठी ६५ फेकी, १३-१४ वर्षांसाठी ८० आणि १५ वर्षांपुढे १०० अशी आहे. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना लागोपाठ दोन दिवस फेक केल्यावर तिसऱ्या दिवशी विश्रांती द्यावी, असेही ते सांगतात. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत मुलीच्या हातांना शेतातही काम असते, हे ध्यानात घेऊन ही मर्यादा आणखी खाली आणणेच इष्ट.

शिक्षकांनी वहीत प्रत्येक फेकीची नोंद ठेवावी. प्रत्येक संघात किमान दोन पिचर तयार करावेत. खांदा वा कोपर दुखते असे मुलीने सांगितल्यास त्याच क्षणी फेक थांबवावी आणि दुखणे न ओसरल्यास डॉक्टरांना दाखवावे. दुखऱ्या जागी मलम चोळून तिला पुन्हा मैदानात उतरवू नये. पंचायत सदस्यांनी सरावासाठी सपाट, खड्डे नसलेली जागा उपलब्ध करून द्यावी, कारण पुढचा पाय डळमळला की त्याचा झटका पाठीला व खांद्याला बसतो.

सवलतीचे गुण एका परीक्षेपुरते असतात, तर खांदा जन्मभर वापरावयाचा असतो. जिल्हा पातळीवरील एक सामना हरला तरी चालेल. परंतु चौदाव्या वर्षी खेळ सोडावा लागलेली मुलगी आपल्या शाळेत असू नये, एवढी दक्षता आपण सर्वांनी घ्यावी, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.