कोल्हापूरचा समुद्रदेव



नांदगावला आमच्या देव्हाऱ्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण आहे. आजीच्याही आधीपासून चिंचेनं घासून घासून त्याचं नाक-डोळे पार पुसून गेलेत. हातातला लोण्याचा गोळा तेवढा ओळखू येतो. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात एका परक्या देवासमोर उभा राहिलो, तेव्हा मला तोच आठवला.

हा देव म्हणजे पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात ही लहानशी कांस्यमूर्ती मिळाली. सोबत धातूची भांडी होती, आरसाही होता. मूर्ती रोमन काळातली, सातवाहनांच्या राज्यात व्यापाराच्या वाटेनं आलेली. पण तिची घडण त्याहून जुनी. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिसिपस या ग्रीक शिल्पकारानं घडवलेल्या पोसायडनशी अभ्यासक तिचं नातं जोडतात.

प्लिनी हा रोमन लेखक लिसिपसच्या नावावर १५०० शिल्पं सांगतो. त्याच्या हातचं म्हणून खात्रीनं दाखवता येईल असं त्यांतलं एकही आज उरलेलं नाही. कांस्य म्हणजे तांबं आणि कथील. भट्टीत घातलं की पुन्हा कामाला येतं. आपल्याकडे जुनी भांडी मोडीत जातात, तसे तिकडचे कितीतरी देव मोडीत गेले. राहिल्या त्या नकला. कुणी मेणात तीच ठेवण पुन्हा घडवली, वर मातीचा लेप दिला, भट्टीत मेण वितळून गेलं आणि त्या पोकळीत धातू ओतला. अशा मूर्तीला नुसती नक्कल म्हणून बाजूला सारायला माझं मन घेत नाही. आमचा बाळकृष्ण तरी कुठे पहिला आहे? कुणा ओताऱ्यानं आधीचा पाहूनच तो ओतला असणार.

परका देव म्हटलं खरं, पण यवन, म्हणजे ग्रीक, आमच्या नाशिक जिल्ह्याला नवे नव्हते. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतरावं लेणं दात्तामित्री या ठिकाणच्या यवनानं, धर्मदेवाच्या मुलानं कोरवून घेतलं. त्याचं नाव इंद्राग्निदत्त. नाव पाहा कसं आपलं! ते अजून भिंतीवर वाचता येतं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, ''त्याला कशानं घासतात रे?''

म्हटलं, ''घासत नाहीत. धातूवर काळानं चढलेला थर तसाच राहू देतात.''

ती थोडा वेळ बाळकृष्णाकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला नुसत्या पाण्यानं आंघोळ घातली.