दोन महिन्यांची उमेदवारी

(अभियांत्रिकीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष संपत आले की घराघरांतून विचारणा सुरू होते, ‘इंटर्नशिप कुठे मिळाली?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘स्टायपेंड किती?’ हे प्रश्न स्वाभाविकच आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी मध्यमवर्गीय कुटुंबाने किती ठिकाणी मन मारलेले असते, हे वेगळे सांगायला नको. परंतु ज्या मुलाने वा मुलीने अर्धवाहक, म्हणजेच सेमीकंडक्टर उद्योगाची वाट धरली आहे, त्यांच्या बाबतीत तिसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. तेथून ती मुले कोणती सवय घेऊन परतली?

चिप तयार होते ती सिलिकॉनच्या चकतीवर. आधुनिक कारखान्यात ३०० मिलिमीटर व्यासाची एक चकती शेकडो प्रक्रियांतून जाते. लेप द्यायचा, प्रकाशाने आकृती उमटवायची, नको तो भाग कोरून काढायचा, मोजमाप घ्यायचे आणि पुन्हा नवा थर चढवायचा. हा प्रवास पुरा व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. म्हणजे विद्यार्थी ज्या दिवशी रुजू झाला, त्या दिवशी आत गेलेली चकती तो निरोप घेईपर्यंत कदाचित बाहेरही आलेली नसेल! आपल्या कामाचे फळ आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळेलच, असे येथे नाही.

मग दोन महिन्यांत त्याच्या हाती काय पडते? बहुधा एखाद्या यंत्राच्या मोजमापांचे तक्ते. काल थराची जाडी किती होती, आज किती भरली, फरक कोठून आला, हे शोधत बसायचे. क्लीनरूममध्ये जायचे तर डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख चढवायचा. तेथे साधा कागद आणि शिसपेन्सिलही चालत नाही, कारण त्यांचे कण हवेत मिसळतात. गोपनीयतेच्या करारामुळे घरी आजोबांना दाखवायला एक छायाचित्रही आणता येत नाही. साहजिकच, मुलगा उन्हाळाभर नुसते आकडे भरत बसला, असे घरच्यांना वाटते.

पण या आकड्यांचे मोल एका साध्या गणिताने उमगेल. समजा, चकतीला ५०० टप्पे पार करायचे आहेत आणि प्रत्येक टप्पा ९९ टक्के बिनचूक होतो. परीक्षेत ९९ टक्के मिळाले तर आपण पेढे वाटतो. येथे मात्र अखेरीस शंभरात एकही चिप धड हाती लागत नाही! तीच अचूकता ९९.९ टक्क्यांवर नेली, तर शंभरातील सुमारे ६० चिप उपयोगी ठरतात. मधला सारा फरक बारीकसारीक नोंदींतून आणि चूक वेळीच सांगण्यातून भरून निघतो. चूक लपविणारा हुशार माणूस या कारखान्याला परवडत नाही. ती नोंदवून ठेवणारा साधा माणूस परवडतो.

तैवानचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७६ मध्ये तेथील औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्थेने अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार केला आणि आपले तरुण अभियंते शिकायला पाठविले. आराखडा, उत्पादन, चाचणी अशी कामे त्यांनी वाटून घेतली आणि तेथे अक्षरशः उमेदवारी केली. त्याच संस्थेतून पुढे १९८० मध्ये यूएमसी आणि १९८७ मध्ये टीएसएमसी या कंपन्या उभ्या राहिल्या.

आपल्याकडे मोहालीच्या सरकारी कारखान्यात १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले होते. १९८९ च्या आगीने ते होरपळले आणि पुन्हा उभे राहण्यात अनेक वर्षे गेली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळुरूला केंद्र काढले आणि पुढे चिपचे आराखडे करण्यात भारतीय अभियंत्यांनी नाव कमावले. मात्र प्रत्यक्ष चकती घडविणारे हात थोडेच राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथील कारखान्यास मंजुरी मिळाली. महिन्याला ५० हजार चकत्यांची त्याची नियोजित क्षमता आहे. यंत्रे पैसे मोजून आणता येतात. ती चालविणारी पिढी विकत मिळत नाही.

म्हणून पालकांना विनंती अशी की, पैसे देऊन मिळणाऱ्या कोऱ्या प्रमाणपत्राच्या मागे मुलांना लावू नका. कमी मानधनाचे, पण खरे काम मिळत असेल तर ते घेऊ द्या. विद्यार्थ्यांनी रोजची वही रोज लिहावी. आपल्या जागी उद्या येणाऱ्याला ती वाचून काम पुढे नेता आले पाहिजे, इतकी ती स्वच्छ असावी. जे चुकले, तेही तीत असावे. दोन महिन्यांत एवढे साधले, तरी ती उमेदवारी सार्थकी लागली असे समजावे.