शिवारात रेंज मिळणारा मोबाइल कसा निवडावा?

एरवी या कार्यक्रमात मी बियाणे, खते आणि फवारणी यांविषयी बोलते. आज मात्र मोबाइल फोनविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, शेतकीच्या बाईंना फोनशी काय देणंघेणं? त्याचं कारण आधी सांगते.

गेल्या श्रावणात आमच्या भागातल्या घाटाखालच्या एका वाडीत एका शेतकऱ्याची दुभती संकरित गाय कोवळा हिरवा चारा जास्त खाऊन फुगली. डावी कूस ढोलासारखी ताणली. त्यांनी 1962 या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन लावला, पण लागेना. खिशात 18 हजारांचा नवाकोरा फोन आणि रेंजचा पत्ता नाही! टेकडीवर धावत जाऊन फोन लागेपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टर पोहोचले तेव्हा गाय दगावली होती.

पुढच्या आठवड्यात मी त्या वाडीवर गेले. ते म्हणाले, "मॅडम, एवढा महागाचा फोन घेतला, पण फसलो." शेजारच्या आजोबांच्या साध्या बटणांच्या फोनला मात्र त्याच गोठ्यात रेंज होती. मी आजोबांचं सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं, तर त्या फोनलाही रेंज आली! म्हणजे फोन वाईट नव्हता. त्यातलं सिम त्या जागेला लागू नव्हतं.

मंडळी, बियाणं घेताना आपण आधी जमीन पाहतो, मग पाणी पाहतो आणि शेवटी वाण ठरवतो. फोनचंही तसंच आहे. आधी शिवार, मग सिम आणि शेवटी फोन. आपण नेमकं उलटं करतो. तालुक्याच्या बाजारात, टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या दुकानात फोन पाहतो. तिथे कोणताही फोन चालणारच!

रेंज कशी पोहोचते?

टॉवरवरून येणाऱ्या लहरी निरनिराळ्या पट्ट्यांतून येतात. या पट्ट्यांना 'बँड' म्हणतात. आपल्या देशात 700, 850 आणि 900 मेगाहर्ट्झचे खालचे पट्टे आहेत. 1800, 2100 आणि 2300 चे पट्टे त्यांच्या वरचे. खालच्या पट्ट्याच्या लहरी लांबवर जातात, झाडी आणि भिंती यांतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. वरच्या पट्ट्यांतून माहिती जास्त वाहते, पण त्यांचा पल्ला कमी. तेव्हा वाडीवस्तीवर राहणाऱ्यांना खालचे पट्टे अधिक उपयोगी. डोंगर आडवा आला तर मात्र खालच्या पट्ट्यालाही मर्यादा पडते.

सिमची परीक्षा

फोन घेण्याआधी चार दिवस हा प्रयोग करा. शेजारीपाजारी ज्या ज्या कंपन्यांची सिम असतील ती एकेक करून एकाच फोनमध्ये घाला. घर, गोठा, विहीर आणि शेताचा लांबचा बांध अशा चार जागी उभे राहा आणि प्रत्येक ठिकाणी प्रत्यक्ष फोन लावून बघा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाहा, कारण संध्याकाळी फोन वापरणारे वाढतात आणि टॉवरवर ताण पडतो.

पडद्यावरच्या दांड्यांवर फार भरवसा ठेवू नका. किती रेंजला किती दांड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पुष्कळ फोनांत सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' आणि त्यात 'सिम स्टेटस' असतं. तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. हा आकडा उणे असतो. 4जीसाठी उणे 90 किंवा त्याहून कमी उणे असेल, तर रेंज चांगली. उणे 110 च्या आसपास काम कसंबसं चालतं. उणे 120 म्हणजे रेंज नसल्यातच जमा. घरातल्या शाळकरी मुलामुलींना हा आकडा काढायला सांगा आणि वहीत लिहून ठेवा.

ट्राय या नियामक संस्थेच्या नियमांनुसार 2025 पासून कंपन्या आपल्या रेंजचे नकाशे वेबसाइटवर देतात. तेही पाहावेत, पण शेवटचा शब्द आपल्या बांधावरच्या प्रयोगाचा. सिम बदलायचं ठरलं तरी जुना नंबर राहतो. इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहा आणि 1900 वर संदेश पाठवा. कोड येईल, तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा.

आता फोन

पहिली गोष्ट म्हणजे बँड. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात 4जीचे बँड दिलेले असतात. 700 साठी बँड 28, 850 साठी बँड 5 आणि 900 साठी बँड 8. हे तिन्ही असावेत. त्यांच्याबरोबर 3, 1 आणि 40 असले म्हणजे झालं. परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या काही फोनांत यातले काही बँड नसतात, म्हणून भेट मिळालेला फोनही तपासून घ्या.

दुसरी गोष्ट, बटणांचा फोन. तो वाईट नाही. बॅटरी टिकते आणि चिखलाच्या हातानेही वापरता येतो. पण तो 2जी आहे की 4जी, हे विचारा. जिओचं 2जी नाहीच, त्यामुळे 2जी फोनमध्ये ते सिम चालत नाही. 4जी फोन घेतलात तर त्यात 'व्होल्टी' म्हणजे 4जीवरून बोलण्याची सोय असल्याची खात्री करा.

तिसरी गोष्ट, दोन सिमची जागा. दोन सिम दोन वेगळ्या कंपन्यांची ठेवा. मात्र पुष्कळदा दोन कंपन्यांची यंत्रं एकाच टॉवरवर असतात. पावसाळ्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी संपली की दोन्ही एकदम बंद पडतात. शक्य तर वेगवेगळ्या टॉवरवरून येणारी सिम निवडा. गावात वीज गेल्यावर कोणतं सिम बंद पडतं आणि कोणतं चालू राहतं, यावरून अंदाज येतो.

चौथी गोष्ट, बॅटरी. रेंज कमी असली की फोन टॉवरला गाठण्यासाठी जास्त जोर लावतो आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून मोठी, शक्यतो 5000 एमएएचची बॅटरी घ्या.

पाचवी गोष्ट, 5जीचा मोह. तुमच्या गावात 5जी पोहोचलं नसेल, तर केवळ त्यासाठी जादा पैसे घालू नका. 5जी फोन असेल आणि रेंज ये-जा करत असेल, तर सेटिंगमध्ये 4जी निवडून बघा.

जुना फोन घेत असाल, तर स्टार हॅश शून्य सहा हॅश (*#06#) दाबा. 15 आकडी आयएमईआय क्रमांक दिसेल. इंग्रजीत 'केवायएम' लिहून, जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि 14422 वर पाठवा. फोन चोरीचा किंवा बनावट असेल, तर कळेल.

घरातली रेंज

पत्र्याचं छप्पर आणि लोखंडी दरवाजा लहरी अडवतात. फोन खिडकीजवळ उंचावर ठेवा. धातूचं कव्हर वापरू नका. घरी किंवा ग्रामपंचायतीत वाय-फाय असेल, तर सेटिंगमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू करा. रेंज नसतानाही फोन लागतो. फोनमध्ये आणि सिमच्या कंपनीकडे ही सोय आहे ना, हे घेतानाच विचारा. बाजारात मिळणारा सिग्नल बूस्टर मात्र विनापरवाना बसवू नका. तो कायद्याने गुन्हा आहे, शिवाय एका घरच्या बूस्टरमुळे अख्ख्या वस्तीच्या रेंजमध्ये बिघाड होऊ शकतो.

आणि शेवटचं. सगळं करूनही शिवारात रेंज नसलेल्या जागा राहणारच. रेंज हमखास कुठे मिळते, ती जागा घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांनाही. साप चावला, वीज पडली, जनावर अडलं, अशा वेळी शोधाशोध करायला वेळ नसतो. आपल्या सिमला रेंज नसेल आणि दुसऱ्या कंपनीची असेल, तरी 112 हा क्रमांक लागू शकतो. तो लावून पाहावा.

ध्यानात ठेवा

1. आधी शिवार, मग सिम, शेवटी फोन.
2. दुकानात नव्हे, बांधावर परीक्षा घ्या.
3. बँड 28, 5 आणि 8 आहेत का, ते पाहा.
4. दोन सिम, दोन कंपन्या, जमल्यास दोन टॉवर.
5. 112, 108 रुग्णवाहिका आणि 1962 जनावरांसाठी, हे क्रमांक गोठ्याच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा.

त्या वाडीतल्या शेतकऱ्यांनी आता सिम बदललं आहे. फोन तोच आहे. यंदा त्यांनी नवी कालवड घेतली आणि गोठ्यात उभे राहून मला फोन केला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.