दारू सुटताना लिहायची वही

मंडळी, बोईसरमध्ये उभं राहून दारूबद्दल बोलायचं म्हणजे तुम्हाला ठाऊक नाही असं फारसं काही माझ्याकडे नाही. किनाऱ्यावरची ताडी, जव्हार-मोखाड्याकडची मोहाची, दमणहून लपूनछपून येणाऱ्या बाटल्या, सगळं आपल्या जिल्ह्यात आहे. त्यामुळे दारू वाईट का, यावर मी वेळ घालवणार नाही. ती सोडायला निघालेल्या माणसाला पुष्कळदा एक वही देतात आणि सांगतात, रोज लिही. त्यानं त्या वहीत काय लिहायचं, एवढ्यापुरतंच आज बोलतो.

मराठीत व्यसनमुक्ती आणि लेखन यांचं नातं जुनं आहे. अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या पोरांबद्दल लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी पैसे देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं आणि 1997 मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत सांभाळलं. पुढे तुषार नातूंनी 'नशायात्रा'त स्वतःचीच कहाणी मांडली. पण ही पुस्तकं वाचकांसाठी आहेत. मी ज्या वहीबद्दल बोलतोय तिला वाचक नसतात, असला तर एखादाच. तिथे चांगलं लिहिण्याची गरज नाही. उलट चांगलं लिहिता येणाऱ्यांची मला जरा काळजीच वाटते.

कारण सांगतो. पहिल्या पानावर माणूस काय लिहितो? पश्चात्ताप. मी आईला रडवलं, बायकोचं मंगळसूत्र विकलं, आता मुलांची शपथ, थेंबालाही शिवणार नाही. हे खोटं नसतं, लिहिताना डोळ्यांतून पाणीही येतं. पण शपथ घेण्याचा सराव दारुड्याइतका कुणालाच नसतो हो! मनातलं ओझं उतरलं की तो मोकळा होतो, आणि मोकळं वाटलं म्हणून संध्याकाळी पुन्हा बसतो.

इथे आपल्या एमआयडीसीतलीच एक गोष्ट कामाला येते. तुमच्यापैकी निम्मे जण प्लांटवर लॉगबुक भरत असतील. 1969 पासून इथे अणुवीज केंद्र चालू आहे, शेजारी केमिकलचे कारखाने आहेत, आणि सगळीकडे एकच शिस्त: ठरलेल्या वेळी तापमान लिहा, दाब लिहा, कोणता व्हॉल्व्ह उघडला ते लिहा, सही करा, पुढच्या शिफ्टच्या माणसाला चार्ज द्या. 'रात्री तापमान चढलं, मला फार वाईट वाटतं' असं लॉगबुकात कुणी लिहीत नाही. कधी चढलं आणि त्याआधी काय केलं, हे लिहितात. दारू सोडणाऱ्याची वही अशी हवी.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) 1935 मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी सुरू झालं. बिल विल्सन शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, दोघेही अट्टल पिणारे. 1939 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात दारू सोडण्याच्या पायऱ्या आहेत; त्यातल्या चौथ्या पायरीसाठी स्वतःची झडती लिहून काढायला सांगितलं आहे. तिचा नमुना रकान्यांचा आहे: राग कुणाचा, कारण काय, माझं काय दुखावलं. दुकानातला माल मोजावा इतक्या कोरडेपणानं. दहावी पायरी म्हणते, ही झडती पुढेही चालू ठेवा. एए भारतात 1957 मध्ये आलं, आणि आज मराठीतून मीटिंगा होतात.

कोरड्या नोंदींतून काय मिळतं? समजा, पास्थळला राहणारा एक ऑपरेटर आहे. नाइट करून सकाळी सुटतो, सरळ घरी गेला तर काही होत नाही. पण एक दिवस बूट घ्यायचे म्हणून तो उलट्या दिशेला, स्टेशनकडे जातो. बूट दुपारीही मिळाले असते. स्टेशनजवळ जुना दोस्त भेटतो, चहा होतो, आणि चहा चहावरच थांबत नाही. त्याला विचारा, तो म्हणेल, 'अचानक झालं.' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी आयुष्यभर या 'अचानक'चा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, स्लिप होण्याच्या, म्हणजे सोडलेली दारू पुन्हा पिण्याच्या, आधी असे वरवर निरुपद्रवी दिसणारे छोटे छोटे निर्णय होऊन गेलेले असतात. ते आठवणीत राहत नाहीत, वहीत राहतात. रोज वेळ, जागा, सोबत कोण, खिशात किती, पोटात काही होतं का, झोप किती, तलफ केव्हा आली आणि केव्हा उतरली, एवढं महिनाभर लिहा. मग वार दिसायला लागतात. पगाराचा दिवस दिसतो. नाइटनंतरची न झोपलेली सकाळ दिसते. आणखी एक दिसतं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं: तलफ चढते तशी उतरतेही, दारू न पिता उतरते. पिणाऱ्यानं ती उतरेपर्यंत कधी वाटच पाहिलेली नसते.

मनातलं लिहूच नये, असं माझं म्हणणं नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या मोठ्या आघाताबद्दल लिहायला लावलं. पुढच्या महिन्यांत भावनांसकट लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. पण लिहून उठल्या उठल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं, ही त्यातली अर्धी गोष्ट कुणी सांगत नाही. नुकतीच दारू सोडलेल्या माणसानं रात्री अकराला एकटं बसून बापाचा मार आठवून लिहावं, याच्या मी विरुद्ध आहे. तसलं लिहायचं तर दिवसा, समुपदेशकाची वेळ ठरलेली असताना.

आणि अगदी सुरुवातीचे दिवस तर वहीचे नव्हेतच. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर लागतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय, असं कुणी विचारेल. आपल्याकडे कालनिर्णयच्या चौकोनात दुधाचा हिशेब ठेवतात ना? त्याच चौकोनात खूण करा: तलफ आली की टिंब, गेली की रेघ. लिहिणाऱ्यांनीही पुस्तकी मराठीत लिहायची गरज नाही. वाडवळी, मांगेली, वारली, हिंदी, घरात बोलता तीच भाषा. पुस्तकी भाषेत पुन्हा शपथा सुरू होतात!

वही कुणी वाचायची? बायकोच्या हाती ती देऊ नये, असं माझं मत आहे, पटणार नाही कुणाला. तिनं वर्षानुवर्षं खिसे तपासले, तोंडाचा वास घेतला, आता आणखी एक तपासणी तिच्या गळ्यात का? एएची पाचवी पायरी दुसऱ्या एका माणसासमोर सगळं बोलायला सांगते. तो माणूस स्पॉन्सर, म्हणजे एएतला आधार देणारा जुना सदस्य, असावा किंवा समुपदेशक. बायकोसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंगा आहेत.

शेवटचा मुद्दा स्लिपच्या दिवसाचा. त्या दिवशी माणूस वही टाळतो. मार्लाट सांगतात, एका ग्लासापेक्षा 'आता सगळंच गेलं' हा विचार माणसाला जास्त पाजतो. म्हणून त्या दिवशीही तेच रकाने भरायचे, किती वाजता, कुठे, कुणाबरोबर, किती, आणि आधी जेवलो होतो का. रडारड नको, पान फाडणं नको. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तीन फोन नंबर ठळक लिहून ठेवा: स्पॉन्सरचा, डॉक्टरचा आणि सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा, 14446. नाइटला दोन वाजता ब्रेकमध्ये तलफ आली तर पानं उलटत कुणी बसत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ, आणि चिठ्ठीवर नाव लिहायची गरज नाही.