उंच घरें आणि आगीचें भय



उसाच्या हंगामांत दौंड तालुक्यांतून प्रवास करणाराला गुऱ्हाळांचीं धुराडीं दुरूनच दिसूं लागतात. चुलाणांत चिपाडें पडलीं कीं जाळ काहिलीखालून पुढें धांवतो आणि धुराड्यावाटे वर निघून जातो. त्याला कोणी भाता लावीत नाहीं. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, तिची जागा घ्यावयास खालून थंड हवा शिरते, आणि धुराडें जितकें उंच तितकी ही ओढ जबर. गूळ करणाराला हें शास्त्र शिकवावें लागत नाहीं. परंतु असलेंच एक धुराडें आपण आपल्या राहत्या घरांत बांधतों आणि त्याला जिना म्हणतों, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

उंच इमारतींच्या रचनेसाठीं आगीच्या दृष्टीनें जे नियम केलेले आहेत, त्यांविषयीं आज बोलावयाचें आहे. हा विषय मुंबईकरांचा, असें शिरूर-दौंडकडील मंडळी म्हणतील. पण रांजणगांव आणि कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती झाल्या, त्यांच्या मागोमाग माणसें आलीं, आणि वाड्यांच्या जागीं सदनिकांच्या इमारती उभ्या राहूं लागल्या. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 सालच्या आवृत्तींत 15 मीटर व त्याहून अधिक उंचीच्या इमारतीला उंच इमारत म्हटलें आहे. 15 मीटर म्हणजे साधारणतः पांच मजले! तेव्हां उंच इमारत पाहावयास मुंबईला जाण्याचें कारण उरलेलें नाहीं.

आगींत माणूस भाजून मरतो अशी आपली समजूत असते. पुष्कळदां ज्वाळा पोंचण्यापूर्वीं धूरच त्याला गांठतो. मुंबईंत कमला मिलच्या आवारांत 29 डिसेंबर 2017 रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, गच्चीवरील उपाहारगृहांना आग लागली आणि 14 माणसें दगावलीं. त्यांतील बरींचशीं स्वच्छतागृहाच्या आसऱ्याला गेलीं होतीं. तेथेंच तीं गुदमरलीं. त्याच वर्षीं 14 जून रोजीं लंडनच्या ग्रेनफेल टॉवर ह्या 24 मजली इमारतींत चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरांत आग लागली, बाहेरून चढविलेल्या ज्वलनशील आवरणावरून ती वरपर्यंत गेली, आणि 72 जीव गेले. उतरावयास जिना एकच होता, आणि त्यांत धूर भरला होता. फार दूर कशाला? ज्या मंत्रालयांतून आपल्या राज्याचे नियम निघतात, तेथेंहि 21 जून 2012 रोजीं चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर वर चढत गेली आणि पांच जणांचे प्राण गेले.

ह्या नियमांपैकीं पुष्कळांचा रोख धुराड्यावरच आहे. जिना भिंतींनीं बंदिस्त असावा. त्याचें दार दोन तास आगीला दाद न देणारें आणि आपोआप मिटणारें असावें. जिने सामान्यतः दोन असावेत, व तेहि एकमेकांपासून दूर, म्हणजे एक धुरानें भरला तरी दुसरा मोकळा राहील. विजेच्या तारा व नळ ज्या पोकळीतून वर जातात, ती प्रत्येक मजल्यावर न जळणाऱ्या पदार्थानें बुजवावी. लिफ्टची विहीर हेंहि धुराडेंच, म्हणून आगीच्या वेळीं लिफ्ट वर्ज्य. इमारतीभोंवतीं 6 मीटर जागा मोकळी हवी, ती बंबाला फिरतां यावें म्हणून; मोटारी उभ्या करण्यासाठीं नव्हे.

महाराष्ट्रांत 2006 साली आग प्रतिबंधाचा व जीवसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानें ही व्यवस्था चालू स्थितींत ठेवण्याचा भार मालकावर वा भोगवटादारावर टाकला आहे. त्याबद्दलचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारींत आणि जुलैंत सादर करावयाचा असतो. आपल्या इमारतीचा मागील दाखला कोणत्या महिन्याचा आहे, हें किती गृहस्थांना सांगतां येईल?

लहान गांवांना ह्या नियमांत सवलत असावी, असें म्हणणारे लोक मला भेटतात. मला हें म्हणणें उफराटें वाटतें. मोठ्या शहरांत रचनेची कसूर कांहीं अंशीं उंच शिडी भरून काढूं शकते. पुण्याहून शिरूर 70 किलोमीटरांच्या आसपास, दौंड त्याहूनहि थोडें दूर. तेथून शिडी येईपर्यंत वरच्या मजल्यावरील कुटुंबाला जिन्यावांचून दुसरा त्राता नाहीं. मदत जितकी लांब, तितका जिना अधिक चोख हवा.

मागें तालुक्याच्या गांवीं अशाच एका नव्या इमारतींत गेलों होतों. दोन जिने होते. एकांत सायकली, चपलांचीं कपाटें आणि धान्याचीं पोतीं रचलेलीं. दुसऱ्याचें दार आपोआप मिटणारें, पण त्याला वीट लावून तें उघडें ठेवलेलें. चौकीदाराला विचारलें, तर तो म्हणाला, "साहेब, दार सारखं आपटतं. म्हाताऱ्या माणसांना ढकलवत नाही."

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. जें दार रोज शंभरदां उघडावें लागतें, तें माणसें कशानें तरी अडकवून ठेवणारच; रचनाकारानें हें आधींच धरून चाललें पाहिजे. एरवीं दार उघडें धरून ठेवणारे आणि धुराची चाहूल लागतांच तें सोडून देणारे लोहचुंबक मिळतात. ते बसविले असते तर विटेचें प्रयोजन पडलें नसतें. मीं ती वीट उचलून बाजूला ठेवली आणि काम होतें त्या मजल्यावर गेलों. अर्ध्या तासानें उतरलों, तों ती पुन्हां आपल्या जागीं होती.