श्वासयंत्राच्या उशाशीं



अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ज्यांनीं रात्र काढली आहे, त्यांना हा प्रश्न ठाऊक आहे: आशा संपल्यावर श्वासयंत्र काढूं देणें ही हत्या होय काय?

१९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची मोठी साथ आली. तेव्हां डॉ. इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीनें रबरी पिशवी हातानें दाबून, गळ्यांतील नळीवाटे रोग्यांस श्वास पुरवीत राहिले. कित्येक मुलें वांचलीं. पुढें यंत्रें आलीं. आणि यंत्र थकत नाहीं, हाच पेंच!

१९५७ च्या नोव्हेंबरांत पोप बारावे पायस यांनीं भूलशास्त्रज्ञांस उत्तर दिलें: साधारण उपाय बंधनकारक आहेत, असाधारण नव्हेत. आशा नसतां कुटुंबानें यंत्र थांबविण्यास सांगणें अनुज्ञेय आहे. तो जीव घेणें नव्हे. वेदनाशमन आणि शुश्रूषा मात्र चालूच राहिली पाहिजे.

आमच्या सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१८ सालीं पूर्वलिखित इच्छापत्र मान्य केलें. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढें त्यास पुरतें. उपचार थांबवितांना मात्र डॉक्टरांच्या दोन मंडळांचा अभिप्राय लागतो.

हा विषय धडधाकट असतांनाच घरीं काढा. माझ्या वडिलांनीं काढला नव्हता. डॉक्टरांनीं विचारलें, तेव्हां आम्हां तीन भावंडांचीं उत्तरें तीन निघालीं.